पुन्हा भरलेली कॅसेट

पंचवीस अल्बमांची यादी करायला चार माणसं बसली होती, आणि दुपारचा चहा यायच्या आतच प्रियदर्शनीला त्यातल्या तिघांची किळस आली होती. चौथी ती स्वतः होती.

बैठक भरली होती प्रताप नगरात, कृष्णकांत सरांच्या दिवाणखान्यात. एका सांस्कृतिक प्रतिष्ठानानं टूम काढली होती. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं कौतुक पुष्कळ झालं. आता विदर्भातल्या लहानसहान, आपल्या हिमतीवर चालणाऱ्या कंपन्यांनी चाळीस वर्षांत काढलेल्या अल्बमांमधले खरोखर मोलाचे निवडायचे, त्यांच्यावर पुस्तक काढायचं आणि समारंभ करून शाली पांघरवायच्या. कल्पनेत काही खोट नव्हती. खोट होती ती सोफ्यावर बसली होती.

कृष्णकांत सर अध्यक्ष. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले आणि पेपरात संगीतावर सदर लिहिणारे. बोलताना ते डोळे मिटून घेत, म्हणजे मध्ये कुणी तोंड घालू नये. त्यांच्या शेजारी भैय्याजी, 'मंजिरी कॅसेट्स'चे मालक. शहराबाहेर वाडीला त्यांचं गोदाम होतं. तिथेच एका खोलीत गाणी रेकॉर्ड व्हायची आणि बाजूच्या खोलीत कॅसेटी भरल्या जायच्या. कंपनी केव्हाच बुडाली, गोदाम टायरवाल्याला भाड्यानं गेलं. आता त्यांचेच अर्धा डझन अल्बम विचारात होते आणि तेच 'ज्येष्ठ सल्लागार' म्हणून निवड करायलाही बसले होते. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. तिसरा विक्रम. हा तिशीचा, रॅप करणाऱ्या पोरांचे अल्बम काढायचा आणि स्वतःच्या लेबलाचं नाव छापलेली टोपी घरातही डोक्यावर ठेवायचा. प्रियदर्शनी रेडिओवर लोकगीतांचा कार्यक्रम करायची. समितीत एक बाई पाहिजे म्हणून तिला घेतलं होतं, आणि हे तिला फोनवर सरळ सांगण्यातही आलं होतं.

सरांनी सुरुवातच 'सांजदिवा'नं केली. भावगीतांचा अल्बम, गायक सरांचे गुरू.

"शब्द, सूर, संस्कार," सर डोळे मिटून म्हणाले. "पहिला क्रमांक. यावर चर्चा नको."

"पण सर, तो अल्बम तर एका बिल्डरनं स्पॉन्सर केला होता ना," विक्रम म्हणाला. "मग तो इंडिपेंडंट कसा काय?"

"त्याला आश्रय म्हणतात. धंदा वेगळा."

"मग माझ्या 'पंचेचाळीस डिग्री'ला काय प्रॉब्लेम आहे? पोरांनी स्वतःचे पैसे टाकले त्यात."

"ते गाणं नाही, भांडण आहे," सर म्हणाले आणि बिस्किट उचललं.

भैय्याजींना दोघांशीही देणंघेणं नव्हतं. ते फक्त आपल्या भजनांच्या कॅसेटी पुढे सरकवत होते, ज्यांतल्या एकूण एक चाली हिंदी सिनेमातल्या होत्या. प्रियदर्शनीनं 'सासऱ्याची सायकल' सुचवली. दंडारीतल्या, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातल्या, गमतीची कॅसेट. एके काळी अमरावती रोडवरच्या ट्रकात आणि ढाब्यात तीच वाजायची, आणि त्या बोलीतला तसा विनोद नंतर कुणाला जमला नाही. सरांनी असं नाक मुरडलं, जणू कुणी चपला घालून देवघरात शिरलं. भैय्याजींनीही मान हलवली. ती कॅसेट त्यांनीच काढली होती आणि तिच्याच जिवावर लेकीचं लग्न लावलं होतं.

मग भीमगीतांचा विषय निघाला. सरांकडे तोडगा तयार होता.

"त्यांना आपण मूळ यादीत नको मिसळायला. 'सामाजिक विभाग' असं स्वतंत्र पान देऊ. त्यांचा मान वेगळा."

वेगळा मान म्हणजे काय, हे प्रियदर्शनीच्या घरात चार पिढ्यांना पाठ होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "भीमगीतांच्या कॅसेटी नसत्या तर इथल्या निम्म्या कंपन्या दोन वर्षं जगल्या नसत्या. त्या मूळ यादीतच येतील. नाहीतर माझी सही नाही." सरांनी डोळे उघडले. बाई सही करणार नाही म्हटल्यावर प्रतिष्ठान काय म्हणेल याचा हिशेब करून त्यांनी चार जागा सोडल्या, भिकाऱ्याला नाणं टाकावं तशा.

तिला मात्र पाचवी हवी होती. ती कोणती, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं. 'चूल म्हणे शिक' हा अल्बम तिच्या आईचा होता.

अनुसयाबाई कोराडीच्या कॉलनीत राहायच्या. नवरा वीज केंद्रात कामाला. शेजारच्या पार्वतीबाई आणि आणखी दोघी, अशा चौघी मिळून त्या विहारात गाणी म्हणायच्या, स्वतः रचलेली. राखेनं काळे पडलेले कपडे, दारू पिऊन येणारा नवरा, पोरीच्या दप्तरासाठी मोडलेली बोरमाळ आणि या सगळ्यांतून बाबासाहेब. भैय्याजींनी कुठेतरी ऐकलं, चौघींना वाडीला बोलावलं आणि एका दुपारी सगळं रेकॉर्ड करून घेतलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर कॅसेट येईल म्हणाले. त्या दसऱ्याला अनुसयाबाई लहानग्या प्रियदर्शनीचा हात धरून एकूण एक स्टॉल हिंडल्या. कुठेच नव्हती. "संपली असन," त्या बाकीच्या तिघींना म्हणाल्या. भैय्याजी मात्र म्हणाले की विकली नाही, सगळा माल वापस आला. हळूहळू अनुसयाबाईंनी विहारात गाणं कमी केलं, मग सोडूनच दिलं. आता त्या सत्तरीच्या होत्या आणि आज सकाळी लेकीला म्हणाल्या होत्या, "नंबर लागला तं फोन कर. जागीच हाओ म्या."

पण नियम आडवा आला होता. समितीनं स्वतः ऐकल्याशिवाय कोणताही अल्बम यादीत नाही, आणि 'चूल म्हणे शिक'ची कॅसेट प्रियदर्शनीला वर्षानुवर्षं शोधूनही सापडली नव्हती. तिनं आईचा उल्लेख टाळून नुसतं अल्बमचं नाव काढलं तेव्हा भैय्याजींनी डोकं खाजवलं.

"असन बाप्पा. लय बाया येत होत्या गाले. कोनाकोनाची आठवन ठेवू?"

"पुरावा नाही, विषय संपला," सर म्हणाले. मग सगळ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून त्यांनी कपाटातून आपली जपून ठेवलेली 'सांजदिवा' काढली आणि जुन्या डेकमध्ये घातली. 'मंजिरी'नंच भरलेली, गुरुजींनी सही करून दिलेली.

गाणी सुरू झाली. सर माना डोलावत होते. विक्रम आणि भैय्याजी बाल्कनीत गेले आणि तिथून विक्रमचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "तुम्ही माझे दोन धरा, मी तुमची भजनं धरतो." परत येऊन दोघांनी भजनांचा एकमुखानं पुरस्कार केला. सरांना सौदा कळला, त्यांनी 'सांजदिवा'चा पहिला नंबर पक्का करून घेतला आणि सौद्याला मान्यता दिली. ज्यानं त्यानं आपल्या पोळीवर तूप ओढलं होतं. कुणालाही गाण्यांशी काही घेणं नव्हतं. तिला वाटलं, उठावं आणि मोरीत जाऊन तोंड धुवावं.

'सांजदिवा'ची त्या बाजूची गाणी मध्येच कधीतरी संपली. एरवी शेवटचा सूर विरला की सर भक्तिभावानं डेक बंद करत आणि कॅसेट उलटवत. आज जागांच्या वाटणीवरून आवाज चढले होते, त्यामुळे ते विसरले. टेप नुसती फिरत राहिली, खरखरली, आणि एकदम टाळ्यांचा ठेका आला. मागून ढोलकी. मग एक बाई गाऊ लागली.

आवाज उघडा, उन्हासारखा कडक. चुलीपुढे बसून पुस्तक धरणाऱ्या बाईचं गाणं. मागे तिघी ओळी झेलत होत्या. प्रियदर्शनीच्या हातातला कप तसाच राहिला. तरुणपणचा असला तरी आईचा आवाज लेकीला सांगावा लागत नाही.

"हे काय लागलं मध्येच?" सर वैतागले.

भैय्याजी मात्र खुदकन हसले. "आपलाच माल हाय. त्या बायाइचा."

आणि त्यांनी सांगून टाकलं, अगदी सहज. लाज वाटायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. छोट्या कंपन्यांची ती रीतच होती. न खपलेला माल फेकून कोण देतो? त्याच कॅसेटीवर नवीन गाणी भरायची, वर नवीन कागद चिकटवायचा. नवा अल्बम लांबीला कमी पडला की शेवटी जुनं तसंच राहून जायचं, पण तिथपर्यंत ऐकतो कोण.

"पण ही न खपलेली कशी?" प्रियदर्शनीनं विचारलं. "ही स्टॉलवर आलीच नव्हती."

"कुठून येईन? दसरा तोंडावर होता अन् बिल्डरसायबाची ऑर्डर आली, 'सांजदिवा' अर्जंट पायजे म्हने. कोरा माल बजारात भेटून नाही राहिला. बायाइच्या कॅसेटी भरून पडल्या होत्या, त्याच्यावरच भरला 'सांजदिवा'. काय करता मॅडम, धंदा हाय."

म्हणजे माल वापस आला नव्हता. तो गेलाच नव्हता. प्रियदर्शनीला भैय्याजींच्या चेहऱ्याकडे बघवेना. पण याहून घाण प्रकार पुढे होता, कारण कृष्णकांत सर ताडकन उठून बसले होते आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते.

"अहो, हा शोध आहे. पुसला गेलेला अल्बम. काय आवाज आहे! पुस्तकाची सुरुवात याच प्रकरणानं करू."

"सर, मी याच्यावर बीट टाकतो," विक्रम म्हणाला. "व्हायरल जाईल."

"पहिला क्रमांक 'चूल म्हणे शिक'. 'सांजदिवा' दुसरा, एकाच कॅसेटवर दोघं, हे तर नियतीचंच काम. भैय्याजी, शाल तुम्ही घ्यायची. असं धाडस लहान कंपनीच करू जाणे."

भैय्याजींनी छातीवर हात ठेवून मान लववली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

"गाणारी बाई जिवंत आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "माझी आई आहे ती."

मग सरांचा चेहरा गंभीर झाला. "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. नात्यातल्या माणसासाठी आग्रह धरणं बरोबर नाही. या समितीत पक्षपात चालणार नाही." भैय्याजींनी आणि विक्रमनं माना हलवल्या. बाल्कनीत सौदा करून आलेल्या त्या दोघांनीही. "तरी आपण मोठं मन करू. आईंना पहिल्या रांगेत बसवू, पुस्तकात चौघींची नावं छापू. शाल मात्र कंपनीलाच. अल्बम कंपनीचा असतो."

भैय्याजी मंचावर, खांद्यावर शाल. समोर खुर्चीत आई, टाळ्या वाजवणारी. ते चित्र प्रियदर्शनीच्या डोळ्यांपुढे आलं.

"नाव काढा," ती म्हणाली. "आईची परवानगी नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"परवानगी नाही म्हणजे नाही. छापलंत तर मी वकिलाकडे जाईन."

सरांनी खांदे उडवले आणि काट मारली. त्यांना फार वेळ वाईट वाटलं नाही. 'सांजदिवा' पुन्हा पहिला झाला आणि मोकळी झालेली जागा विक्रमनं तिथल्या तिथे पटकावली. प्रियदर्शनीनं पर्स उचलली. जिना उतरताना तिला आज पहिल्यांदा बरं वाटलं. निदान एक गोष्ट तिनं या लोकांच्या हातून सोडवली होती.

खाली गाडीजवळ उभं राहून तिनं कोराडीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई, तुमची कॅसेट सापडली वं. म्या ऐकली."

"खरं सांगतं?" आईनं पलीकडून लगेच विचारलं, "मंग, नंबर लागला का?"

"नाही."

"काहून? आवाज बरोबर नव्हता का माहा? मले वाटेच. भैय्याजीनं मले तव्हाच सांगतलं होतं, विकली नाही म्हनून. आवाजच बरोबर नसन."

प्रियदर्शनीनं घाईघाईनं सगळं सांगितलं. आवाज सगळ्यांना आवडला होता, पहिला नंबर देत होते, कॅसेटी त्या माणसानं दुकानात जायच्या आधीच पुसल्या होत्या आणि आता शालही तोच घेणार होता. म्हणून तिनं नाव काढायला लावलं.

"तुनं काढाले लावलं?"

"त्या माणसाच्या अंगावर शाल टाकताना तुले पाहावलं असतं का वं?"

"शाल गेली असती त्याले तं जाऊ द्याची होती," अनुसयाबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "पार्वतीबाई मेली. त्या दोघीही गेल्या. नावं तं छापून आली असती चौघीइचे. तिच्या पोराईनं पाह्यलं असतं."

"आई, ते लोक कसे आहेत तुले माहीत नाही."

"मले नाही माहीत? म्या हिंडली ना स्टॉल-स्टॉल. भैय्याजीनं पुसाच्या आंधी मले विचारलं नाही. त्याचं जाऊ दे, तो परका. तुनं तं विचाराचं होतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. वरच्या बाल्कनीत विक्रम आणि भैय्याजी कशावरून तरी हसत होते. प्रियदर्शनी मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि दिवसभर त्या तिघांची येत असलेली किळस आता तिला स्वतःचीच येत होती.