धुराड्याची शेवटची वीट

"ज्योतीराम, उरका की राव! बाराला रंगवाला येतोय," रणजीत जिन्यातून ओरडला.

ज्योतीराम गवंड्यानं मान न वळवता विटेवर सिमेंटचा माल पसरला. उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार आणि दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमधून पारव्यांची घाण पडणार, हे रणजीतच्या बायकोला, साधनाला, खपणारं नव्हतं. फायरप्लेस तशी नावालाच होती. जमीन कंपनीला गेल्यावर रणजीतच्या वडिलांनी ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात पाहिली आणि हट्टानं तळेगावच्या बंगल्यात बांधून घेतली. तिच्यात कधी काडीसुद्धा पेटली नाही. म्हातारा गेला आणि त्याची हौस पारव्यांनी भोगली.

गच्चीवर सकाळी सातलाच कडप्प्याची फरशी ठेवून, सिमेंट मारून ज्योतीरामनं धुराड्याचं तोंड बंद केलं होतं. आता खालची भिंत तेवढी उरली होती.

बीडहून येऊन त्याला तीस वर्षं झाली होती. कुठलंही भोक बुजवण्याआधी त्यापुढे अगरबत्ती धरायची, हा त्याचा नेम. धूर आत जातो की बाहेर येतो ते बघायचं, कारण लोक भिंतीत काय सोडून ठेवतील याचा भरवसा नसतो. बाकीचे गवंडी हसायचे, "बसला पूजेला!" म्हणायचे. आज सकाळी गच्चीवर मात्र रणजीत म्हणाला, "अहो, कधी पेटलंच नाही ते, धूर कसला बघताय?" आणि अगरबत्ती खिशातच राहिली. अति घाई संकटात नेई, असं हायवेवर हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं. पण ते गाडीवाल्यांसाठी, असं आपण सगळेच धरून चालतो.

शेवटची वीट बसवायला त्यानं हात पुढे केला आणि तो थबकला. आतून गरम, दमट हवा येत होती. डोळे चुरचुरले.

"वहिनी, ह्या भिंतीच्या वर काय हाय?"

"सासूबाईंचं बाथरूम. का हो?"

"पाणी कशावर तापतंय?"

"गॅसच्या गिझरवर. त्याचा धूर जायला प्लंबरनं पाइप ह्याच धुराड्यात सोडलाय वाटतं." साधना एकदम थांबली. "त्या आत्ताच आंघोळीला गेल्यात."

हातातली थापी टाकून ज्योतीराम जिन्याकडे धावला.

बाथरूमचं दार आतून बंद होतं. पाणी पडत होतं. "आजी! ओ आजी!" आतून उत्तर नाही. त्यानं दारावर लाथ घातली, तेवढ्यात रणजीतनं मागून येऊन त्याची कॉलर धरली.

"डोकं फिरलंय का? आई आंघोळ करतीये आत!"

"मालक, मारायचं तर नंतर मारा, आधी दार तोडू लागा!"

त्याच्या आवाजात असं काही होतं की रणजीतनं कॉलर सोडली. दोघांच्या खांद्यांनी कडी उखडली. मंजुळाबाई पाटावरून कलंडून फरशीवर पडल्या होत्या. ज्योतीरामनं चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, गिझर बंद केला आणि ओरडला, "वहिनी, लुगडं आणा! खिडक्या उघडा समद्या!"

मंजुळाबाईंना लुगड्यात गुंडाळून खोलीतल्या खाटेवर निजवलं. समोरचे डॉक्टर धावत आले. अजून पाच मिनिटं गेली असती तर काही हाती लागलं नसतं, म्हणाले. म्हातारीनं डोळे उघडले. अॅम्ब्युलन्स यायला निघाली होती.

रणजीत फोनवर विलास प्लंबरला फाडून खात होता. फोन ठेवून त्यानं ज्योतीरामचा हात घट्ट धरला. "देवासारखे धावलात. त्या विलासला मी सोडत नाही बघा. त्याच्याच गिझरनं घात केला."

ज्योतीराम अजून दारात, खाटेकडे पाठ करून उभा होता.

"आरं दादा," मंजुळाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "आता कशापायी त्वांड फिरवतुस? लुगडं हाय की माज्या आंगावर. हिकडं बघ. कुनी वाचीवलं ते दिसू दे."

ज्योतीरामला वळवेना. गप्प राहिलं की भागत होतं. सगळं परस्पर विलासच्या माथी गेलं असतं.

"आजी," तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "पाइप विलासचा हाय. पर धुराडं वरून म्या बुजवलं. न बघता बुजवलं."

रणजीतनं धरलेला हात सोडला.

मग ज्योतीराम वळला आणि म्हातारीसमोर उभा राहिला.