ट्रेच्या कडेवरचा लाल ठिपका

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बिस्किटाचे दोन तुकडे केले तरी मोठा कुठला हे ती पट्टी लावून बघायची, म्हणून बापाने ते ठेवलं. पुढे ती पदार्थविज्ञान शिकायला गेली, आणि नावही तिच्या मागोमाग कॉलेजात गेलं.

त्या वर्षी तिच्या विभागात एक नवल घडलं. परिषदांना जाण्यासाठीचा प्रवासनिधी आजवर संशोधन करणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला यायचा. पदवीच्या पोरांनी परिषदेला जायचं म्हणजे विभागप्रमुखांच्या मते शुद्ध सहल. चहाबिस्किटं खायला एवढ्या लांब कशाला, आपलं कॅन्टीन आहे की, असं ते भर बैठकीत म्हणाले होते. पण मोजपट्टीच्या मॅडम हटून बसल्या. शेवटी सरांनी अट घातली. यंदा एकाच मुलाला पाठवायचं, आणि परतल्यावर त्याने समितीपुढे उभं राहून काय मिळवलं ते दाखवायचं. पटलं तर पदवीच्या मुलांना निधीत कायमची जागा, नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मॅडमनी मोजपट्टीचं नाव दिलं. मग पहिल्या वर्षाची पोरं तिला जिन्यात गाठून म्हणायला लागली, "ताई, आमचं सगळं आता तुझ्यावर आहे हं."

तिचा विषय होता भेगा. चुनखडीची पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, गोल ट्रेमध्ये ओतायची आणि वाळू द्यायची. वाळताना तो थर आक्रसतो आणि तडकतो. एरवी असल्या भेगा जाळीसारख्या, वाट्टेल तिकडे जातात. मोजपट्टीच्या भेगा मात्र शिस्तीत, एकमेकींना समांतर जायच्या. ट्रे बापाने आणलेले. तो हॉटेलात वेटर होता आणि तिथले पोचे आलेले ट्रे मोडीत निघाले होते. दिशेचा घोळ नको म्हणून तिने प्रत्येक ट्रेच्या कडेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. स्वयंपाकघरात मिश्रण ओतायचं, ठिपका पुढे धरून ट्रे बोळातून थेट मागच्या खोलीत न्यायचा आणि ठिपका खिडकीकडे करून ठेवायचा. यात तिने कधी तसूभर फरक केला नाही. भेगा नेहमी खिडकीच्या वाऱ्याला आडव्या पडत. तेव्हा वारा भेगांना दिशा देतो, असा तिचा निष्कर्ष होता आणि तोच पोस्टरच्या मथळ्यावर मोठ्या अक्षरांत छापला होता.

परिषदेच्या दालनात पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. छत इतकं उंच की वरचे दिवे लहान वाटत होते. खाली पोस्टरांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येकापाशी एक माणूस. पानावरून थेंब घरंगळताना त्याच्या मागच्या कडेचं काय होतं, या एका प्रश्नाशी कुणी अर्धं आयुष्य घालवलं होतं. कुणी वाळूचा ढीग ढासळण्याआधी करतो तो आवाज ऐकत बसलं होतं. कागद चुरगळल्यावर पडणाऱ्या घड्यांसाठी एकाने खोलीभर यंत्र उभारलं होतं आणि त्याबद्दल तो एखाद्या बापाने लेकराबद्दल बोलावं तसं बोलत होता. मोजपट्टीला वाटत होतं, आपण घरी ट्रे वाळत घालतो हा आपला वेडेपणा. इथे तर वेड्यांचं अख्खं गाव वसलं होतं. जगातल्या एकेका बारकाव्यापाशी कुणी ना कुणी राखण करत उभं होतं, आणि तिला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी तिच्या पोस्टरपाशी एक म्हाताऱ्या बाई आल्या. केस पिकलेले, चष्मा कपाळावर, पायात कॅनव्हासचे बूट. ओल्या मातीवर त्यांनी उभी हयात काढली आहे, असं शेजारच्या पोस्टरवाल्याने हळूच सांगितलं तेव्हा मोजपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी मथळा वाचला, सगळे फोटो पाहिले आणि बोट ठेवलं ते अगदी खालच्या कोपऱ्यातल्या फोटोवर. त्या ट्रेमधल्या भेगा जाळीदार होत्या.

"हा एवढासा का छापलास?"

"तो अपवाद आहे. बिघडलेला."

"त्या दिवशी खिडकी बंद होती?"

"नाही, उघडीच होती. वाराही होता."

"मग वेगळं काय होतं?"

"तसं काहीच नाही. मला ताप आला होता, म्हणून ट्रे बाबांनी नेला."

"बाबा काय करतात तुझे?"

"वेटर आहेत."

बाई हसल्या, पण चेष्टेने नव्हे, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतं तसं. त्यांनी हातातला चहाचा कप तिला दिला आणि त्या दारापर्यंत जाऊन ये म्हणाल्या. भरलेला कप घेऊन मोजपट्टी निघाली. चहा पुढे जाई, मागे येई, पुढे जाई, मागे येई. डावी-उजवीकडे जवळजवळ नाहीच. ती चालेल त्याच रेषेत तो हिंदकळत होता. दाराशी पोचेपर्यंत तिला कपाच्या जागी आपला ट्रे दिसायला लागला होता.

वारा नव्हताच. ती होती.

बाईंनी मग तिथेच खुर्ची ओढून सगळं समजावून सांगितलं. ओलं मिश्रण वरून पाण्यासारखं दिसतं, पण आत त्याचे कण एकमेकांना टेकून उभे असतात. एकदा हिंदकळलं की त्यांची मांडणी बदलते आणि तशीच राहते. वरून पाहाल तर आरशासारखं सपाट, कसली खूण नाही. पण थर वाळून तडकायला लागला की भेगा त्या हेलकाव्याला आडव्या पडतात. हे काही थोड्या लोकांना माहीत होतं, त्यांनी यंत्राने ट्रे हलवून पाहिलं होतं. "पण कुणाच्या चालण्यामुळे झालेलं मी आजच पाहतेय," बाई म्हणाल्या. "आणि ठिपक्याच्या बाबतीत तू इतकी काटेकोर नसतीस ना बाळा, तर भेगा रोज वेगळीकडे गेल्या असत्या आणि तुझी चूक तुलाच कळली असती."

उरलेला वेळ मोजपट्टी येईल त्याला सांगत राहिली, की मथळा चुकलाय, खरी गोष्ट कोपऱ्यात आहे. संध्याकाळी तिने बापाला फोन केला. तू ट्रे कसा नेलास, एवढंच विचारलं.

"कसा म्हणजे? न सांडता. तुझ्यासारखं धबाधबा चालून मी सूप वाढलं असतं, तर गिऱ्हाइकांनी मलाच कालवलं असतं."

ती हसली. वाळलेल्या चुनखडीने तिचं चालणं ओळखलं होतं, आणि बापाचंही.

परतल्यावर प्रयोगशाळेत समिती बसली, दाराबाहेर पहिल्या वर्षाची पोरं घुटमळत होती. मोजपट्टीने सरळ सांगून टाकलं, की विभागाच्या निधीवर जे दाखवायला गेले ते चुकीचं निघालं. मॅडमनी डोळे मिटले.

"म्हणजे सहलच झाली," सर म्हणाले.

तिने नळापाशी एक ट्रे भरला. "सर, एवढा ट्रे त्या टेबलापर्यंत न्याल का? ठिपका पुढे धरून."

सर कुरकुरत उठले. नळापासून निघून, मधल्या बाकाला वळसा नको म्हणून तिरके चालत त्यांनी पांढऱ्या मिश्रणाचा ट्रे टेबलावर नेऊन ठेवला. दुसरा ट्रे तिने टेबलावरच भरला आणि जागचा हलवला नाही. दोन्ही अगदी सारखे, गुळगुळीत. दोन्हींवर बाजूने एकच पंखा लावला. वारा दिशा देत असेल तर दोन्हींच्या भेगा सारख्या पडतील, ती म्हणाली, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी समितीतले सगळे टेबलाभोवती जमले, पोरं पुन्हा दाराबाहेर. न हलवलेल्या ट्रेमध्ये जाळी होती. सरांच्या ट्रेमध्ये समांतर रेघा होत्या, पंख्याशी काही देणंघेणं नसलेल्या, तिरक्या. सर वाकले. मग नळापाशी गेले आणि कालच्या वाटेने, रिकाम्या हातांनी, पुन्हा टेबलापर्यंत चालत आले. ट्रेकडे पाहिलं, वळून वाटेकडे पाहिलं. भेगा त्यांच्या वाटेला काटकोनात होत्या.

"हा मी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

मग सरांनी बाहेरच्या पोरांना आत बोलवायला सांगितलं, एकेकाने पुढे येऊन बघा म्हणाले. पोरं माना वाकवून बघत असताना ते मॅडमकडे न बघताच पुटपुटले, "निधीचं ते लिहून टाका. दर वर्षीचं."

मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि आणखी एक ट्रे भरायला सांगितला. तो दोन्ही हातांवर घेऊन, जिभेचं टोक दातांत धरून, ते नळापासून निघाले. इतके हळू, की मागे रांग लावलेल्या पोरांना हसू आवरेना. आपली एकही खूण उमटू न देता त्यांना टेबल गाठायचं होतं. बाकापाशी मिश्रण एकदा हलकेच पुढे गेलं आणि मागे आलं. सर थांबले आणि त्यांनी मोजपट्टीकडे पाहिलं.

"हे आता आत राहिलं ना गं?"