निळ्या नदीचा पूल

टपालकाकांनी उभा जन्म टपाल वेगळं करायच्या खोलीत काढला होता. समोर दोनशे चाळीस कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्ता वाचून होईपर्यंत पत्र बरोबर आपल्या कप्प्यात. निवृत्त झाल्यावर ती सगळी स्मरणशक्ती त्यांनी एका खेळाच्या पटावर आणून ओतली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. पटावर छत्तीस प्रांतांचा नकाशा, चौघांच्या चार रंगांच्या लाकडी सोंगट्या आणि पाच नद्यांचे वीस पत्ते. प्रत्येक नदीचे चार: उगम, वळण, पूल आणि मुख. चारही जमवले की ती नदी तुमची. मग तिच्यावरून सैन्य पलीकडे न्यायचं आणि पलीकडचा मुलूख घशात घालायचा. सांगायला एवढंच. पण कुठला पत्ता कुणाकडे गेला हे ज्याच्या ध्यानात राहतं तोच तिथे टिकतो, आणि टपालकाकांच्या ध्यानात गेल्या वर्षीचे डावसुद्धा असत.

मित्राच्या मुलीला हा खेळ काकांनीच शिकवला. तिचे वडील त्या टेबलावरचे चौथे भिडू. ते गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. महिन्याभराने काका घरी आले आणि म्हणाले, तिघांनी हा खेळ होत नाही, तू येऊन बस. ती जाऊन बसली. पहिली दोन वर्षं काकांनी तिला सपाटून हरवलं, कसलीच दयामाया दाखवली नाही. डाव संपला की जिना उतरता उतरता ते तिची चूक सांगत, आणि ती घरी जाऊन त्या चुकीचाच विचार करत बसे. त्या विचारात तिला वडिलांचा थोडा विसर पडे. काकांनी हे मुद्दाम केलं का, हे तिने कधी विचारलं नाही.

आता ती बेचाळीसची होती. इस्पितळात एक्स-रे काढायची. स्वतः खेळणं कमी झालं होतं, पण नियम तोंडपाठ, म्हणून सहा वर्षं वार्षिक स्पर्धेत पंच तीच. सगळे तिला ‘पंचबाई’ म्हणत. काका मात्र ‘पोरी’च म्हणत.

त्या वर्षी अंतिम डावाला काका, दातांचे डॉक्टर, एक वकील आणि बेकरीवाली अशी चौघं होती. बेकरीवाली पहिल्यांदाच इतक्या पुढे आली होती. बाई आवाजाने मोठी, मनाने सरळ. तिच्याकडे निळ्या नदीचे तीन पत्ते जमले होते, फक्त पूल हवा होता. तो आला असता तर तिने उत्तरेकडचे सगळे प्रांत घेतले असते. ती थांबली, थांबत राहिली. गठ्ठा संपला, तरी पूल काही निघाला नाही. तेव्हा तिने हात वर करून पत्ते मोजायला सांगितलं.

पंचबाईने मोजले. एकोणीस भरले.

टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या सरकवल्या, पट उचलून झटकला. मग तिने चौघांना खिशातलं आणि पिशवीतलं टेबलावर ठेवायला सांगितलं. वकिलाने किल्ल्या ठेवल्या, डॉक्टरांनी रुमाल. काकांनी चष्म्याचं घर ठेवलं आणि आपल्या हातानेच उघडलं. काच पुसायच्या फडक्याखाली निळ्या नदीचा पूल होता.

काका त्या पत्त्याकडे पाहत राहिले.

“काका, हा इथे कसा?” तिने विचारलं.

“मीच ठेवला असेल,” काका म्हणाले.

नियम असा होता: पत्ता चुकून बाजूला राहिला तर डाव पुन्हा मांडायचा, मुद्दाम लपवला असेल तर खेळाडू बाद आणि दोन वर्षं बंदी. चुकून की मुद्दाम, हे पंचाने ठरवायचं. तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पकडलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिला दिसलं. तो गोंधळलेल्या माणसाचा चेहरा होता, अनोळखी स्टेशनवर झोपेतून उठवल्यासारखा. पण तेवढ्यात वकील डॉक्टरांच्या कानाशी पुटपुटला, “पंच काय, घरचाच आहे.” ते तिच्या बरोबर कानावर पडलं. तिचे कान तापले. पुढच्या क्षणी तिने काकांना बाद केलं, दोन वर्षांची बंदी सांगितली आणि वहीत तसं लिहिलंसुद्धा.

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी बेकरीवालीशी हात मिळवला, कोट घातला आणि निघाले. जिन्याच्या मधल्या वळणावर ते बराच वेळ कठडा धरून उभे राहिले. वर जायचं की खाली, हेच ठरत नसल्यासारखे. तिला वाटलं, शरमेने पाय उचलत नसेल. ती वरूनच पाहत राहिली. खाली गेली नाही.

रविवारमागून रविवार गेले. काकांचा विषय निघाला की बेकरीवाली म्हणे, एवढा मान होता त्या माणसाला, काय गरज होती? इस्पितळात काम करताना अधूनमधून तो चेहरा डोळ्यांसमोर येई आणि मन खात राही. सहा आठवडे तिने स्वतःला समजावण्यात काढले. सातव्या आठवड्यात एका सकाळी सुट्टी काढून ती काकांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. तिला पाहून त्या बाजूला झाल्या, पण ‘ये’ म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीत काका खिडकीशी बसले होते. स्वयंपाकघरात सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. ‘साखर’. ‘गॅस बंद’. ‘औषध घेतलं की इथे खूण’. अक्षर काकांचं, तेच ठसठशीत टपालातलं.

काकूंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. दीड वर्षापासून चाललंय. आधी नावं गेली, मग वार. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं, ते काकांनी कागदावर लिहून घेतलं आणि फाडून टाकलं. स्पर्धेआधी महिनाभर ते रोज सकाळी शाळेतल्या मुलासारखे नियमांचं पुस्तक घेऊन बसत, आणि संध्याकाळी काकूंना प्रश्न विचारायला लावत.

“मी म्हटलं, नका जाऊ यंदा. तर म्हणाले, तिला सांगू नकोस, ती मला खेळू देणार नाही.” काकूंनी पदराने डोळे टिपले. “तुझ्याबद्दल बोलत होते ते.”

ती आत जाऊन काकांसमोर बसली. त्या दिवशी काका चांगले होते. त्यांनी तिला ओळखलं, इस्पितळात गर्दी किती असते तेही विचारलं. तिने सरळ माफी मागितली. म्हणाली, मला दिसलं होतं, काका, आणि लोक काय म्हणतील म्हणून मी निकाल उलटा दिला. उद्याच्या उद्या स्पर्धेच्या मंडळाला सांगून तो बदलून घेते.

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“तुला काय दिसलं ते तुझं तू जाण,” ते म्हणाले. “मी तो पत्ता चोरला की विसरलो, हे मलाच ठाऊक नाही. बाईला पूल हवाय हे मला कळलं होतं, एवढं आठवतं. पुढचं काही नाही. चोरलाही असेन.”

“तुम्ही चोरणार नाही, काका.”

“पूर्वीचा मी चोरला नसता. आताच्या माझी हमी मी कशी देऊ?” ते म्हणाले. “आणि निकाल बदलू नकोस.”

“का?”

“लबाड माणसाशी लोक सांभाळून तरी खेळतात, पोरी. विसरणाऱ्याला नुसते सांभाळून घेतात. मला ते नको. राहू दे मला लबाड.”

तिने खूप समजावलं. काका हलले नाहीत. शेवटी त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं, आणि ते देताना तिला कळलं की आपली चूक निस्तरायची वाटही आता उरली नाही. मंडळात तिने चकार शब्द काढला नाही. बेकरीवालीने एकदा सगळ्यांसमोर काकांना ‘पत्तेचोर’ म्हटलं तेव्हाही ती वही लिहीत राहिली. डॉक्टर हसले. तिने शाईचा डाग पुसायचं निमित्त केलं आणि बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ हात धुतले.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी ती काकांकडे जाऊ लागली. काकू तिसरा हात धरत आणि चौथा हात काका नि ती आळीपाळीने खेळत. पहिले काही महिने काकांनी तिला दोनदा चक्क हरवलं, आणि दोन्ही वेळा तिची चूकही सांगितली. मग नियम निसटू लागले. नदी नसताना ते सैन्य पलीकडे नेत. तिने एकदा हटकलं, तर वीस वर्षांत कधी चढला नव्हता एवढा आवाज त्यांनी चढवला. पुढे तिने हटकणं सोडलं. ते नेतील तिथे सोंगटी जाऊ द्यायची. हेच त्यांना नको होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, काकूंनाही नाही.

हिवाळा सरता सरता एका शनिवारी काका हिरवी सोंगटी मुठीत धरून बसले होते. दहा मिनिटं झाली. काकू चहा ठेवायला उठल्या. काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, “आता खेळी कुणाची?”

“तुमचीच, काका.”

त्यांनी पट न्याहाळला, मग मूठ उघडून सोंगटी तिच्यापुढे धरली.

“माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतंय यातलं,” ते म्हणाले. “तुम्हीच ठेवा. कुठून आलात आपण?”

तिने सोंगटी घेतली आणि नकाशावर मोकळी दिसली त्या जागी ठेवली. मग आपण कुठल्या, कुणाची मुलगी, ते त्यांना नीट, सावकाश सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकत होते. तिच्या वडिलांचं नाव आलं तसे ते खुलले. म्हणाले, ते ना, फार चांगले खेळतात, रविवारी भेटतीलच तुम्हाला.

ती बरं म्हणाली.