पाच अक्षरी रघुनंदन

"आजोबा जब तक मुझे एक बार हरा नहीं देते, मैं हैदराबाद नहीं जाऊँगी," असं शिवांगीने शुक्रवारी सकाळी जाहीर केलं. सोमवारी तिला पहिल्यावहिल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, रविवारी दुपारी लखनौच्या अमौसी विमानतळावरून विमान होतं, आणि अमीनाबादहून आणलेली नवी बॅग किमतीच्या चिठ्ठीसकट तशीच रिकामी पडली होती.

शिवांगी ही माझी नात. मुलगा हवाई दलात, दर तीन वर्षांनी बदली. म्हणून सहावीपासून ही आमच्याकडे जानकीपुरमला. आम्ही मराठीत बोलायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरचं चालत आलेलं आहे. आणि तितकाच जुना तिचा आणि ह्यांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, एक खेळ.

खेळ असा. मी इंग्रजीतली दोन-तीन अक्षरं सांगायची. ती अक्षरं असलेला पाच अक्षरी शब्द शिवांगीने कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा. आजोबांनी तीच अक्षरं असलेला, पण तिच्याहून वेगळा शब्द सांगायचा. तोच निघाला तर आजोबांची हार, वेगळा निघाला तर जीत. ह्यांना नुसती इंग्रजी येऊन भागत नसे, पोरीच्या मनात काय आहे तेही ओळखावं लागे. ते ह्यांना बरोबर कळायचं.

एकदा मलाही हौस आली. आर आणि ए ही अक्षरं होती. मी म्हटलं, "रघुनंदन!" आणि बोटांवर मोजून दाखवलं, र, घु, नं, द, न. आर आहे, ए आहे, पाच भरतात. हे इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. "अहो प्रतिमाबाई, इंग्रजी शब्द! आणि मोजायचं इंग्रजीत!"

"आजी, यह डिक्शनरी में नहीं है," शिवांगी म्हणाली.

"तुमच्या डिक्शनरीत देव नाही, त्यात माझा काय दोष?" मी म्हटलं.

दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, पण वाचा काही परतेना. कळायचं सगळं. शब्द ओठापर्यंत यायचा आणि उंबऱ्यावर अडखळून मागे फिरायचा. शिवांगी रोज खेळ मांडायची. हे कागदाकडे बघत बसायचे आणि मग मान फिरवायचे.

मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. वाईला घाटावर बुवा उभे राहिले की मी जेवण टाकून पळत असे. इथे लखनौत कीर्तन कुठलं मिळायला? मोबाईलवर ऐकते. एका गुरुवारी बुवांनी गजर धरला, "जय जय राम कृष्ण..." आणि सवयीप्रमाणे थांबले, पुढचं श्रोत्यांनी म्हणावं म्हणून. मी डाळ निवडत होते. खुर्चीतून आवाज आला, "हरी!"

माझ्या हातातलं ताट पडलं. तीन महिन्यांत पहिला शब्द, तोही देवाचा.

वाचेचा सराव करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "माताजी, गाने का रास्ता अलग होता है. उसी रास्ते से बुलाइए." तेव्हापासून मी सगळं गाऊनच विचारू लागले. "पाणी हवं की..." म्हणून थांबायचं, की हे सुरात पुरं करत, "चहा!"

तर त्या शुक्रवारी माझ्या मनात पाप आलं. पोरीची नोकरी जायला नको. ह्यांना एक शब्द आधीच शिकवून ठेवला तर? अक्षरं तर मीच सांगणार. ए, आय आणि आर. शब्द सोपा निवडला, चेअर. खुर्चीतच बसलेले असतात, विसरणार कसे? शिवांगी काही इतका साधा शब्द लिहायची नाही.

देवापुढे हात जोडले, "पांडुरंगा, जरा तिकडे बघ," आणि स्वयंपाकघरात ह्यांना बसवून झांज घेतली. कीर्तनातल्या साकीच्या चालीवर लावून दिलं, "सी, एच, ए, आय..." आणि थांबले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोवीस कॅरेटच्या बाईने पितळेचं नाणं काढलं! पण म्हणाले, "आर!" शनिवारी दुपारभर हेच चाललं.

संध्याकाळी खेळ मांडला. मी साळसूदपणे म्हटलं, "ए, आय, आर." शिवांगीने झटकन लिहून कागद पालथा ठेवला. मी झांज वाजवून सूर दिला.

मी पुन्हा सूर दिला, डोळ्यांनी खुर्ची दाखवली, खुर्चीच्या हातावर थाप मारली. हे माझ्याकडे बघेचनात, पालथ्या कागदाकडे बघत होते. मग शिवांगीकडे पाहिलं. मग साकीच्याच चालीवर, तुटत तुटत, गाऊ लागले, "बी... आर... ए... आय..."

मी म्हणणार होते, "अहो, ते नव्हे!"

"एन," म्हणून ह्यांनी सम गाठली, आणि एक बोट आपल्या कपाळावर दोनदा आपटलं. ब्रेन!

शिवांगीने कागद उलटला. त्यावर लिहिलं होतं, चेअर.

"आजी," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दोपहर भर किचन से सी-एच-ए का कीर्तन आ रहा था. मैं बहरी हूँ क्या? चीटिंग से जीतते तो मैं सच में नहीं जाती." आणि मग ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती रडायला लागली. "हरा दिया आजोबा ने. हरा दिया, यार."

मी देवाकडे पाहिलं. तो तिकडे बघत नव्हता, हे उघड होतं. त्या रात्रीच्या नैवेद्याला साखर दुप्पट ठेवली.

रविवारी अमौसीला दारातून आत जाताना शिवांगी मागे वळली आणि माणसांच्या डोक्यांवरून ओरडली, "आजोबा! पाँच अक्षर, आर और ए! आज आजीवाला भी चलेगा!"

मी सूर द्यायला तोंड उघडलं. ह्यांनी हाताने मला थांबवलं.

"रघु... नंदन," हे म्हणाले. चाल नाही, झांज नाही. साधं, बोलल्यासारखं.

आणि पाचही बोटं पसरून हात उंच धरला. ती दिसेनाशी होईपर्यंत खाली घेतला नाही.