दीड इंचाचा समास

चोंबडी हे काही तिचं खरं नाव नव्हे, बापानं ठेवलेलं. प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार? बाप बाइंडर होता. कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्याचं खोलीभर दुकान: कागद कापायचं मशीन, कापडाचे तागे, आईनं घरून शिजवून पाठवलेल्या खळीचा डबा, आणि समोर प्रबंध घेऊन रडवेल्या तोंडानं उभी असलेली पोरं. सगळ्यांना उद्याच हवं असायचं. बाप आधी पानं उलटून बघायचा, डावीकडे दीड इंच समास सोडलाय का ते. नसला सोडलेला, की असा काही डाफरायचा की पोरं मास्तरांपेक्षा त्यालाच जास्त घाबरत.

तो जाऊन तीन वर्षं झाली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि चोंबडी त्याच कॉलेजात निबंध लिहीत होती. विषय तिनंच हट्टानं घेतलेला: विद्यार्थ्यांच्या लेखनाची मांडणी कशी ठरत गेली. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, शेवटी संदर्भांची यादी. त्यात आधी आडनाव, मग नाव, वर्ष कंसात, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात. डोकं भणभणायची वेळ आली, पण तिनं निभावलं. मॅडमनी लाल रेघ मारली ती एकाच ओळीखाली. ‘समास वाचणाऱ्यासाठी नसतो, शिवणाऱ्यासाठी असतो.’ हे कुठून घेतलं?

वडील म्हणाले होते, असं चोंबडीनं सांगितलं. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. प्रत्यक्ष बोलण्याचाही संदर्भ देता येतो, म्हणाल्या, फक्त सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. तारीख नसेल तर ओळ गाळावी लागेल. सोमवारपर्यंत बघ.

आली का पंचाईत! बाप तर रोजच बोलायचा. घरच्या बोलण्याच्या तारखा कोण लिहून ठेवतं? पण यादीतल्या एकोणीस जणांपैकी एकानंही कधी पुस्तक शिवलं नसावं, आणि ज्यानं शेकडो प्रबंध शिवले त्याचं नाव एकाही प्रबंधात नव्हतं. ती ओळ तिला गाळायची नव्हती.

दिवस तिला लख्ख आठवत होता. शाळेला सुट्टी होती आणि बाप घरचाच फाटका शब्दकोश शिवत बसला होता. डावीकडे एवढा कागद वाया का घालवायचा, असं तिनं विचारलं. त्यानं सुई ओवता ओवता दाखवलं, शिवण अर्धा इंच कशी गिळते ते, आणि मग ते वाक्य बोलला. पुठ्ठा चढवायच्या आधी त्यानं नेहमीसारखी पुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख टाकली आणि वरून कापड चिकटवून टाकलं. आता ती कोणाला दिसणार, असं हिनं विचारलंच. पुढच्या बाइंडरला, तो म्हणाला. आपलं काम किती टिकलं ते कळेल त्याला.

म्हणजे तारीख घरातच होती, कपाटात. फक्त कापड फाडल्याशिवाय दिसणार नव्हती.

आईनं हे ऐकलं आणि शब्दकोश उचलून छातीशीच धरला.

“त्यांच्या हातचं सगळं लोकांच्या कपाटात गेलं. घरात एवढं एक राहिलंय. त्यावर सुरी चालवणार तू, एका ओळीसाठी?”

रविवारी चोंबडीनं ती ओळ गाळली आणि पानं छापून आणली. आईनं ती टेबलावरून उचलली, शेवटच्या यादीवरून बोट फिरवत एकेक नाव वाचलं.

“यांचं नाव कुठंय?”

“ओळीबरोबर गेलं.”

आई आत गेली. आली ती शब्दकोश आणि बापाची सुरी घेऊन.

“पुढच्या बाइंडरसाठी म्हणाले होते ना? मग बस. तूच हो.”

सुरी सरळ गेली. कापड सोलून निघालं. पाठीवर तारीख होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात: ‘चोंबडी दिवसभर शेजारी. प्रश्न संपत नाहीत. बरं वाटलं.’

चोंबडीनं ती तीन वाक्यं मोठ्यानं वाचली. चोंबडीला हुंदका आवरेना. आईनंही डोळे पुसले, आणि मग एकदम फणकारली, “आणि मी? खळ मी शिजवली होती. जन्मभर मीच शिजवली. माझा उल्लेख नाही कुठे!”

चोंबडी रडता रडता हसली. संध्याकाळपर्यंत विसावा संदर्भ लिहून झाला. आडनावांच्या क्रमानं बाप दोन प्राध्यापकांच्या मधोमध जाऊन बसला. आईनं गॅसवर खळ ठेवली, चोंबडीनं नवं कापड बेतलं. चिकटवायच्या आधी तिनं बापाच्या अक्षराखाली पेन्सिलीनं आजची तारीख टाकली आणि लिहिलं: ‘शिवण, बाबा. कापड, चोंबडी. खळ, दोन्ही वेळेस, आई.’

आईनं ते दोनदा वाचलं आणि मगच कापड चिकटवू दिलं.