सगळ्यांचा एकच पासवर्ड

"फायली तुझ्याकडे असतात. रिपोर्ट तूच फोडलास," डॉक्टर रिसेप्शनवालीला म्हणाले. तेही पेशंटसमोर.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बसलेल्या बाईला मूल का होत नाही, याचा रिपोर्ट त्या बाईच्या हातात पडायच्या आधीच तिच्या सासूच्या मोबाइलवर पोचला होता. सासूने तो सगळ्या नात्यागोत्यात वाचून दाखवला.

"नेटवाल्याला बोलवा. कुणी फाईल उघडली ते कळू दे," रिसेप्शनवाली म्हणाली.

नेटवाला आला. लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला आणि मान खाजवू लागला. "वायफायवरूनच कुणीतरी उघडलीय. पण कुणी, ते नाही कळायचं. सगळे एकाच पासवर्डवर. नर्स, तुम्ही, बाहेर बसलेले पेशंट, त्यांचे मामा-मावश्या."

"प्रत्येकाला वेगळा का नाही दिलास?" रिसेप्शनवालीने विचारलं.

"नव्या सिक्युरिटीत देता येतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा तेवढा बंद. पेशंटचं नेट निराळं, फायलींचं निराळं. पण साहेबांचा जुना प्रिंटर त्यावर चालत नाही. म्हणून सगळ्यांनाच जुन्यावर ठेवलं. त्यात काय जातं-येतं ते पासवर्ड असलेल्या कुणालाही चोरून वाचता येतं."

"एका प्रिंटरसाठी? आणि तूही नंदीबैलासारखी मान डोलावलीस?"

"साहेबच म्हणाले..."

"अगं, आपण इथे एका कुटुंबासारखे," डॉक्टर मध्ये पडले. "घरातल्या घरात कुणी कुलपं लावतं का?"

"कुटुंब! मग चोर ठरवताना मी एकटीच कशी आठवले? वेगळा पासवर्ड असता, तर केलं असतं तर सापडले असते, नसतं केलं तर सुटले असते. दार सताड उघडं टाकलंत तुम्ही, आणि दाराशी बसते म्हणून गळा माझा धरलात!"

"आवाज खाली कर."

"नाही करत."

समोर बसलेली बाई बोलली. "आत्ता या क्षणी माझी फाईल कोण बघतंय?"

डॉक्टरांनी नेटवाल्याकडे पाहिलं. नेटवाल्याने लॅपटॉप मिटला.

"सांगता येत नाही, ताई," रिसेप्शनवाली म्हणाली. "मी केलं नाही, हेही मला सिद्ध करता येत नाही."

"मग बंद करा ते," बाई म्हणाली.

डॉक्टर "अगं अगं" म्हणेपर्यंत रिसेप्शनवालीने राउटरची वायर भिंतीतून उपटली. बाहेरून लगेच हाकाटी सुरू झाली. "ओ मॅडम, नेट गेलं वाटतं!"

"गेलं!" ती दारात उभी राहून कडाडली. "तुमचे रिपोर्ट इथे कुणीही वाचू शकत होतं, म्हणून गेलं. कुणाकुणाचे वाचले ते साहेबांना विचारा. आतच आहेत."

धडाधड खुर्च्या सरकल्या. ती दारातून बाजूला झाली.