नऊ वितींचा गोल

आमच्या गावचा आबाजी दर वर्षी एक वीत बांध सरकवायचा. हाव नव्हती त्याला, एकच वीत. आषाढात बांध लिंपताना आपल्या अंगानं छिलायचा आणि तीच माती शेजारच्या चांगोच्या अंगाला लावायची. नऊ वर्षांत चांगोचं शेत नऊ विती आत गेलं आणि हद्दीचा सरकारी दगड आबाजीच्या वालाखाली गेला.

चांगोची आई सोनुबाई ओरडली. तलाठी म्हणाला, दगड दाखवा. दगड आबाजीच्या वालात, आणि आबाजी वालात पाय ठेवू देईना. वर कुणाच्याही लग्नात, भरल्या पंगतीत, तो तिला विचारायचा, "सोनूवयनी, गावला का दगड?" पंगत हसायची. एकदा हसताना माझ्या नाकात मठ्ठा गेला. तेव्हापासून चांगो माझ्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. एकाहत्तर साली बोलला तो एवढंच, की तू गोलकीपर.

त्याचं कारण जर्मन. खोपोलीच्या एका कारखान्यात नवं यंत्र बसवायला नऊ जर्मन आले होते. यंत्राचा एक भाग बोटीवर अडकला, त्यामुळे त्यांना काम नव्हतं आणि ते फुटबॉल खेळायला माणसं शोधत होते. गावात दोन क्लब निघाले. वरच्या आळीचा हनुमान क्लब आबाजीचा, खालच्या आळीचा बजरंग क्लब आमचा. देव एकच असल्यामुळे तो कुणाच्याच बाजूनं पडला नाही. जर्मनांनी ड्रायव्हर आणि खानसामा धरून अकरा भरवले, आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली.

तलाठी भाऊसाहेब पंच. त्यांनी तीन संघांचा अ गट केला. ब गट नव्हता. पण नुसतं 'गट' लिहिणं त्यांना कच्चं वाटत होतं. पहिले दोन अंतिम सामन्यात जाणार, आणि अंतिम सामन्याला जर्मन साहेब आपल्या कॅमेऱ्यानं फोटो काढणार. आबाजीनं त्या फोटोसाठी कोट शिवायला टाकला.

मैदानाला चांगोनं आपलं कापलेलं शेत फुकट दिलं. फक्त एक नियम लेखी मागितला: वरच्या अंगाला गोलची रेघ म्हणजे चांगोच्या शेताची हद्द. आबाजीनं घाईनं सही केली. बांध तीच हद्द, हे तलाठ्याच्या कागदावर आयतं येत होतं. बांधावर दोन बांबू रोवले, मधोमध पाणी सोडायची फट. पलीकडं आबाजीचा हिरवागार वाल.

जर्मनांनी आम्हाला नऊ गोल मारले, आबाजीच्या संघाला आठ. त्यातले चार खानसाम्याचे. म्हणजे आमच्या आपसातल्या सामन्यात बरोबरी झाली तरी आबाजी फोटोत, आम्ही घरी. आम्हाला जिंकणं भाग होतं. आणि आमचा कप्तान चांगो महिनाभर एकच किक शिकत होता: हळू मारायची. संध्याकाळभर तो चेंडू ढकलायचा आणि कुठं थांबला ते वितीनं मोजायचा. आम्ही त्याला अंगारा लावून पाहिला.

दुसऱ्या अर्ध्यात बांधावरचा गोल आबाजीच्या संघाकडं आला. शून्य-शून्य. घड्याळात दोन मिनिटं उरली तेव्हा चांगो एकटाच चेंडू घेऊन पुढं गेला. बांधावर आबाजीचा जावई धाकलू पाय फाकून उभा. चांगोनं चेंडू ढकलला. म्हातारी नातवाला ढकलते तसा. धाकलूला वाटलं, खरी किक अजून यायची आहे. चेंडू त्याच्या पायांतून, फटीतून पलीकडं गेला आणि वालाच्या वेलांत जाऊन बसला.

आम्ही नाचलो. भाऊसाहेबांनी शिट्टी तोंडात घेतली. तेवढ्यात आबाजी नवा कोट सावरत वालात घुसला.

"गोल नाय," तो म्हणाला. "हद्द हितं नाय."

"मंग कुठं हाय, आबाजीकाका?" चांगोनं विचारलं. इतक्या गोडीनं त्यानं कुणाला पाणीही विचारलं नव्हतं.

आबाजीनं दोन्ही हातांनी वेल उपटले, माती उकरली आणि दगड उघडा केला. "ह्यो बघा सरकारी दगड. चेंडू अलीकडं हाय. रेघ वलांडली नाय."

भाऊसाहेबांनी शिट्टी खिशात ठेवली आणि कागद काढला. त्यांनी नियम वाचला, दगड पाहिला, आबाजीकडं पाहिलं. जर्मन साहेबांना मोजायला काहीही चालत होतं; त्यांनी टेप लावली. बांध ते दगड दोन मीटर सहा सेंटिमीटर. सोनुबाईनं वीत लावली. बरोबर नऊ.

"गोल नाही," भाऊसाहेब म्हणाले, "आणि हा पंचनामा." आबाजीचं लक्ष वाक्याच्या पहिल्या अर्ध्याकडंच होतं. आपण काय दाखवलं ते त्याला सही करताना कळलं. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, गोल धरा. भाऊसाहेब म्हणाले, पंचाचा निर्णय फिरत नसतो.

चांगो हसला नाही. घरी जाऊन तो आईसाठी कुदळ घेऊन आला.

गटातून आम्ही बाद झालो. अंतिम सामना त्याच दुपारी झाला आणि आबाजीचा संघ चौदा गोलांनी हरला. मग फोटो. जर्मन, कोटातला आबाजी, गुडघे फुटलेला धाकलू. साहेब कॅमेऱ्याचं बटण दाबणार एवढ्यात मागून सोनुबाई म्हणाली, "आबाजी भावजी, गावला बरं का दगड."

आबाजीनं मान वळवली, आणि फोटो तसाच निघाला. सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत, एक आबाजी मागं. मागं सोनुबाई बांध खणतेय आणि चांगो त्या नऊ वितींतल्या वालाच्या शेंगा टोपलीत भरतोय.

साहेबांनी जर्मनीतून दोन प्रती पाठवल्या. एक आबाजीनं चुलीत घातली. दुसरी आम्ही प्रत्येक लग्नात पंगतीला फिरवतो, आधी मुलीकडच्यांत, मग मुलाकडच्यांत.